आडवाटेची भाषा, एडिटर कुठला घ्यायचा?

या महिन्यात आलेले प्रश्न वाचताना लक्षात आलं की बरेच जण फिरून फिरून एकच विचारतायत, की पायथन-जावावाल्यांना सगळं आयतं मिळतं, आमच्या भाषेला मात्र धड आयडीई (कोड लिहिणं, चालवणं, चुका शोधणं सगळं एकत्र देणारं सॉफ्टवेअर) नाही, आम्ही काय करायचं. म्हणून या अंकात तेवढंच घेतलंय. फोनमधून मराठी टायपिंग होत नाही वगैरे प्रश्न ज्यांनी पाठवलेत त्यांनी पुढच्या अंकाची वाट बघा.

प्रश्न: दादा, मी पुण्यात हवामानशास्त्रात पीएचडी करतेय. एमएस्सीपर्यंत सगळं पायथनमध्ये केलं, पायचार्मची सवय आहे. आता गाइडनी डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या मॉडेलमध्ये एक बदल करायला दिलाय आणि तो सगळा कोड फोर्ट्रान. लॅबमधले सीनियर व्हाय हा जुना टर्मिनलमधला एडिटर उघडतात आणि ग्रेप कमांडने शब्द शोधत बसतात. मला फक्त सबरूटीनच्या नावावर क्लिक केलं की ते जिथे लिहिलंय तिथे जायचंय आणि चूक झाली तर लाल रेघ दिसायला हवी. फोर्ट्रानसाठी चांगला आयडीई कोणता? विकत घ्यावा का?

आधी पैशाचं. देऊ नकोस, निदान आत्ता तरी नको. विंडोजवर सिम्प्ली फोर्ट्रान नावाचा विकतचा आयडीई आहे, वाईट नाहीये, स्वतःचा छोटा प्रोग्रॅम एकट्याने लिहिणाऱ्याला तो आवडतोही, पण तुझं मॉडेल लिनक्सवर स्वतःच्या कॉन्फिगर आणि कंपाइल स्क्रिप्टने बनतं, त्यामुळे जो आयडीई म्हणतो की आधी माझी प्रोजेक्ट फाइल बनवा, त्याचा तुला उपयोग शून्य. गुगलवर शोधलंस तर एक्लिप्स या आयडीईवरचं फोट्रान नावाचं प्लगइनही सापडेल. त्याचं काम कधीच थांबलंय, त्या वाटेला जाऊच नकोस.

तू मागतेयस त्या दोन गोष्टी आता आयडीईशिवाय मिळतात. पूर्वी कसं होतं, प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक एडिटरमध्ये वेगळं प्लगइन कोणीतरी लिहायला लागायचं, आणि फोर्ट्रानसारख्या भाषेच्या वाट्याला कोणी यायचंच नाही. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्हीबरोबर लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला, म्हणजे भाषा समजणारा प्रोग्रॅम वेगळा आणि एडिटर वेगळा, दोघं ठरलेल्या पद्धतीने बोलणार. एकदा सर्व्हर लिहिला की तो व्हीएस कोडमध्ये चालतो, निओव्हिममध्ये चालतो (2021 च्या 0.5 पासून त्याचा क्लायंट आतच आहे), ईमॅक्समध्ये चालतो (29 पासून एगलॉट आतच येतं). छोट्या भाषांचं नशीब उघडलं ते यामुळे. फोर्ट्रानचा सर्व्हर म्हणजे फोर्टएलएस, तो पायथनमध्येच लिहिलाय, पिपने इन्स्टॉल होतो, तुला दोन मिनिटं लागतील. एडिटर व्हीएस कोड घे आणि त्यात मॉडर्न फोर्ट्रान नावाचं एक्स्टेंशन टाक. सीनियर लोकांचा व्हाय चुकीचा नाही, फक्त तुला तो आत्ताच शिकत बसायची गरज नाही.

पण आता खरी मेख. एवढं करून तू डब्ल्यूआरएफचं फोल्डर उघडशील आणि सगळा रंगांचा गोंधळ दिसेल, मग वाटेल एक्स्टेंशनच बोगस आहे. ते बोगस नाही. जुन्या फोर्ट्रानमध्ये, म्हणजे पंच कार्डाच्या जमान्यात, ओळ मोजून लिहायची असायची, पहिले पाच कॉलम लेबलला, सहावा कॉलम ओळ पुढे चालू आहे हे सांगायला, मजकूर सातपासून बहात्तरपर्यंत, त्यापुढे लिहिलेलं कंपायलर बघतही नाही. फोर्ट्रान 90 मध्ये ही मोजामोज गेली. आणि सगळी साधनं फाइलच्या शेवटच्या अक्षरांवरून अंदाज करतात: डॉट एफ असेल तर जुना प्रकार, डॉट एफ90 असेल तर नवा, कॅपिटल एफ असेल तर आधी प्रीप्रोसेसरमधून (कंपाइल होण्याआधी कोडवर हात फिरवणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढायचा. डब्ल्यूआरएफवाल्यांनी काय केलंय, नव्या पद्धतीचा कोड कॅपिटल डॉट एफ नावाच्या फाइलींमध्ये ठेवलाय. म्हणजे एडिटर समजतो हा 1977 चा माल आहे आणि त्या हिशोबाने रंग देतो, आणि चुका शोधणारा जीफोर्ट्रान कंपायलर तोच गैरसमज करून घेऊन शेकडो चुका ओकतो. सेटिंगमध्ये सांगून टाक की या प्रोजेक्टमधल्या कॅपिटल डॉट एफ फाइली फ्री फॉर्म समजायच्या, आणि चुका तपासायला जो जीफोर्ट्रान चालतो त्यालाही फ्री फॉर्मचा पर्याय दे. लॅबमध्ये कोणाचं तरी खरंच जुनं डॉट एफ असेलच, त्याला हात लावू नकोस, त्याच्यासाठी फक्त एडिटरमध्ये बहात्तराव्या कॉलमवर उभी रेघ लावून घे, नाहीतर शेवटची दोन अक्षरं गुपचूप कापली जातात आणि तू दिवसभर डोकं धरून बसतेस.

दुसरी मेख. हे मॉडेल कंपाइल होताना प्रत्येक कॅपिटल डॉट एफ फाइलपासून प्रीप्रोसेस केलेली डॉट एफ90 फाइल त्याच फोल्डरमध्ये तयार होते. मग फोर्टएलएसला प्रत्येक मॉड्यूल दोनदा दिसतं आणि तू क्लिक केलंस की कधी या फाइलमध्ये नेतो कधी त्या. चुकून तयार झालेल्या फाइलमध्ये बदल केलास तर क्लीन केल्यावर तो गेला. फोर्टएलएसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ठरावीक शेपटीच्या फाइली वगळायची सोय आहे, तिथे डॉट एफ90 वगळ. कंपायलर मात्र चूक कुठे आहे त्याचा ओळ नंबर त्या तयार झालेल्या फाइलचा सांगणार, तेव्हा ती उघडून बघ आणि दुरुस्ती मूळ फाइलमध्ये कर. डीबगरचं पण तेच.

लाल रेघेबद्दल एक गोष्ट नीट समजून घे, फोर्टएलएस कोड वाचतो, कंपाइल करत नाही. नावं कुठे आहेत, आर्ग्युमेंट काय आहेत हे त्याला कळतं, बाकी बऱ्याच चुका त्याच्या नजरेत येत नाहीत. फोर्ट्रानमध्ये इम्प्लिसिट नन लिहिलं नसेल तर आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं कुठलंही न सांगितलेलं नाव आपोआप पूर्णांक होतं आणि बाकीची रिअल, म्हणजे टेम्परेचरच्या नावात एक अक्षर चुकलं तरी भाषेच्या दृष्टीने काही बिघडलेलं नाही, नवीन व्हेरिएबल जन्माला आलं एवढंच. तुझ्या नव्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये पहिली ओळ इम्प्लिसिट नन. आणि खरी राखण कंपायलरकडून करून घे. जीफोर्ट्रानला वॉल, एफचेक इक्वल ऑल आणि बॅकट्रेस हे पर्याय दिले की ॲरेच्या बाहेर हात घातला तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबून ओळ सांगतो. डब्ल्यूआरएफमध्ये कॉन्फिगर करतानाच छोटा डी दिला तर ऑप्टिमायझेशन बंद करून डीबगसाठी बिल्ड होतं आणि कॅपिटल डी दिला तर त्यावर सीमा तपासणं वगैरे पण येतं. चालतं मुंगीच्या वेगाने, म्हणून छोट्या डोमेनवर, काही टाइमस्टेपपुरतंच चालव.

माझं तुला सांगणं असं, की आपल्या लॅपटॉपवर जीफोर्ट्रानने बिल्ड कर आणि क्लस्टरवर (बरेच कॉम्प्युटर जोडून केलेल्या मोठ्या मशीनवर) जो इंटेलचा कंपायलर असेल त्याने वेगळं. एक कंपायलर जे खपवून घेतो त्याबद्दल दुसरा बोंब मारतो, आणि ही तपासणी कुठलाच आयडीई करून देत नाही. जुन्या मेकफाइलमध्ये आयफोर्ट दिसलं तर लक्षात ठेव की इंटेलने 2025 च्या वनएपीआयपासून ते काढून टाकलंय, आता आयएफएक्स.

राहिलं क्लस्टर. आयआयटीएम या पुण्यातल्या हवामान संस्थेतला सुपरकॉम्प्युटर प्रत्युष घे, 2024 मध्ये आलेला अर्का घे किंवा कॉलेजातला छोटा क्लस्टर घे, मॉडेल मोठ्या मशीनवरच चालतं, मग तिथल्या फाइली उघडायच्या कशा हा प्रश्न येतोच. व्हीएस कोडचं रिमोट एक्स्टेंशन छान आहे पण ते लॉगिन नोडवर (सगळे जण जिथे लॉगिन करतात त्या मशीनवर) स्वतःचा सर्व्हर टाकतं, आणि 2025 मधल्या 1.99 आवृत्तीपासून त्याला जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) 2.28 तरी लागतं. सेंटओएस 7 वर 2.17 आहे. म्हणजे जुनी ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर ते जोडलंच जाणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही. तेव्हा लॅपटॉपवर कोड ठेव, गिटने किंवा आरसिंकने वर पाठव, क्लस्टरवर फक्त कंपाइल आणि जॉब. नवी सिस्टिम असली तरी आधी ॲडमिनला विचार, कारण वीस जणांचे सर्व्हर एका लॉगिन नोडवर बसले की तो नोड आडवा होतो आणि मग सगळ्यांनाच मेल येते. आणि तेवढ्यासाठी का होईना, व्हायमधलं फाइल उघडणं, शोधणं आणि सेव्ह करून बाहेर पडणं शिकून घे, एखाद्या रात्री जॉब मेल्यावर नेमलिस्ट या मॉडेलच्या सेटिंगच्या फाइलमधला एक आकडा बदलायला तेच हाताशी असतं.

प्रश्न: मी नवी मुंबईत वेब डेव्हलपर आहे, जावास्क्रिप्टवर घर चालतं. हौस म्हणून कॉमन लिस्प शिकायचंय. जिथे विचारावं तिथे लोक म्हणतात ईमॅक्स शिका. भाषा शिकायची का एडिटर? ईमॅक्सशिवाय जमेल का?

जमेल. पण लोक असं का म्हणतात ते आधी ऐका, नाहीतर तुम्ही लिस्प शिकाल आणि त्यातली मजाच हुकेल.

तुमच्या रोजच्या कामात फाइल लिहायची, सेव्ह करायची, मग काहीतरी परत चालू होतं. लिस्पमध्ये प्रोग्रॅम आधीच चालू असतो आणि तुम्ही त्याच्या पोटात एकेक फंक्शन बदलत जाता. कर्सर फंक्शनवर ठेवा, कंट्रोल-सी दोनदा दाबा, तेवढंच फंक्शन कंपाइल होऊन चालत्या प्रोग्रॅममध्ये गेलं, बाकी सगळा डेटा जागेवर. चूक झाली तर प्रोग्रॅम मरत नाही, एक खिडकी उघडते आणि विचारते की आता काय करू, व्हॅल्यू बदलून परत करू का, हे कॉल सोडून देऊ का, आणि तुम्ही मधल्या मधे फंक्शन दुरुस्त करून तिथूनच पुढे जाऊ शकता. म्हणून लिस्पसाठी वातावरण निवडताना ऑटोकम्प्लिट किती छान आहे हे बघू नका, चालत्या प्रोग्रॅमशी ते किती घट्ट बोलतं ते बघा. यात ईमॅक्समधलं स्लाइम आणि त्याचंच फाटा फुटून झालेलं स्लाय ही दोन पुढे आहेत, उगाच कोणी कौतुक करत नाहीये.

सगळा ईमॅक्स शिकायची गरज नाही. फाइल उघडा, सेव्ह करा, बाहेर पडा, फंक्शन कंपाइल करा, व्याख्येवर उडी मारा, परत या, आणि अडकलात की कंट्रोल-जी. एवढ्यावर महिनाभर मजेत जातो. बाकी माउस चालतो, मेनू आहेत, कोणी बघायला येत नाही. ज्यांना कंसांची आपोआप राखण करणारं पॅरएडिट पहिल्याच दिवशी टाकायचा सल्ला मिळालाय त्यांनी तो पंधरा दिवस बाजूला ठेवावा, तुम्हाला कंस पुसायचाय आणि एडिटर पुसू देत नाही यात नवा माणूस वैतागून भाषाच सोडतो. कंपायलर एसबीसीएल घ्या, फुकट आहे, वेगवान आहे, आणि लायब्रऱ्यांसाठी क्विकलिस्प.

ईमॅक्स नकोच असेल तर व्हीएस कोडला अलाइव्ह नावाचं एक्स्टेंशन आहे, व्हिमला व्हीलाइम आहे. कामं होतात, पण ती राखणारे लोक मोजके आहेत हे धरून चाला. लिस्पवर्क्सची पर्सनल एडिशन फुकट मिळते, दिसायलाही पूर्ण आयडीई, पण तिला मेमरीची मर्यादा आहे आणि पाच तासांनी सेशन बंद पडतं. रविवारच्या हौशीला पाच तास खूप झाले, खरं सांगायचं तर.

प्रश्न: सर, कॅम्पसमधून लागलो, ट्रेनिंगनंतर मेनफ्रेम प्रोजेक्टवर टाकलंय, ठाण्यात बसतो. कोबॉल. मित्र हसतात. ऑफिसमध्ये ती हिरवी स्क्रीन आहे. घरी प्रॅक्टिससाठी काय टाकू?

हसू देत. 1959 साली जिचं काम सुरू झालं ती भाषा अजून बँकांचे हिशोब चालवतेय, आणि वायटूकेच्या वेळी आपल्याकडच्या कित्येक जणांचं करिअर याच कोबॉलवर उभं राहिलं. हसणाऱ्यांच्या फ्रेमवर्कला अजून दहावा वाढदिवस बघायचाय.

ऑफिसमध्ये तुला निवड नसते, क्लायंट जे देईल ते. हिरवी स्क्रीन म्हणजे आयएसपीएफ, मेनफ्रेमवर फाइली उघडायचं आणि बदलायचं साधन, ती नीट शिकून घे, पहिल्या महिन्यात कंटाळा येईल पण डावीकडच्या कॉलममध्ये डीडी, सीसी, आरआर लिहून ओळींचे ब्लॉक पुसणं, कॉपी करणं, परत परत उमटवणं हाताला बसलं की माऊसवाल्यांपेक्षा तू पुढे असतोस. क्लायंटने परवानगी दिली तर व्हीएस कोडमध्ये झोवे एक्सप्लोरर आणि आयबीएमचा झेड ओपन एडिटर किंवा ब्रॉडकॉमचा कोबॉल लँग्वेज सपोर्ट, यातलं एक (दोन्ही एकत्र टाकू नकोस, दोघं एकाच फाइलवर हक्क सांगतात). यात कॉपीबुक (बऱ्याच प्रोग्रॅममध्ये वापरला जाणारा सामायिक कोड) उघडून बघता येतं, व्हेरिएबल कुठे कुठे वापरलंय ते दिसतं. पण झोवेला तिकडे मेनफ्रेमवर झेडओएसएमएफ (बाहेरून मेनफ्रेमशी बोलू देणारी सेवा) चालू लागतं, ते चालू करायचं का नाही हे तुझ्या हातात नाही, टीम लीडला विचार आणि नाही म्हणाला तर वाद घालू नकोस.

घरी ग्नूकोबॉल. फुकट आहे, विंडोजवर पण चालतं. एडिटरमध्ये कॉलम सात, आठ, बारा आणि बहात्तरवर रेघा आखून घे, कारण घरी फ्री फॉर्मॅटमध्ये लिहायची सवय लागली तर ऑफिसात एरिया ए (आठव्या कॉलमपासून) आणि एरिया बी (बाराव्यापासून) मध्ये मार खाशील. ओपनकोबॉलआयडीई नावाचं एक अजून लोक सुचवतात, ते केव्हाच बंद पडलंय. सीआयसीएस (व्यवहार चालवणारी सिस्टिम), डीबी2 (डेटाबेस) आणि जेसीएल (जॉब लिहायची भाषा) मात्र घरच्या ग्नूकोबॉलवर शिकता येत नाही, त्यासाठी आयबीएमचं झेड एक्सप्लोअर फुकट आहे, त्यात खऱ्या मेनफ्रेमवर लॉगिन मिळतं, ते कर. आणि एक, ऑफिसचा कोड घरच्या लॅपटॉपवर आणायचा नाही. एक ओळही नाही.

प्रश्न: बंगळुरूत असतो, मूळचा कोल्हापूरचा. ओकॅमल शिकायला घेतलं, व्हीएस कोडमध्ये एक्स्टेंशन टाकलं तर कधी चालतं कधी नाही, मधेच सगळीकडे लाल रेघा, पण टर्मिनलमध्ये व्यवस्थित कंपाइल होतं. शिवाय अशा कुठल्याही कमी वापराच्या भाषेचा सेटअप चांगला आहे की नाही हे आधीच कसं ओळखायचं?

तुमचं जे होतंय ते ओकॅमलमध्ये सगळ्यांचं होतं. तिथला लँग्वेज सर्व्हर कंपायलरच्या आवृत्तीला बांधलेला असतो, आणि ओपामच्या (ओकॅमलची पॅकेजं टाकणाऱ्या साधनाच्या) प्रत्येक स्विचमध्ये, म्हणजे कंपायलर आणि लायब्रऱ्यांच्या प्रत्येक वेगळ्या संचात, तो वेगळा इन्स्टॉल करावा लागतो. नवीन स्विच बनवला, त्यात ओकॅमल-एलएसपी-सर्व्हर टाकला नाही, की एडिटर आंधळा. दुसरं म्हणजे दुसऱ्या फाइलमधले टाइप त्याला बिल्ड झाल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून एका टर्मिनलमध्ये ड्यून या बिल्डच्या साधनाची ड्यून बिल्ड कमांड वॉच पर्यायासह कायम चालू ठेवा, निम्म्या लाल रेघा तिथेच गळतील. विंडोजवर असाल तर ओपाम 2.2 किंवा पुढचंच घ्या, 2024 मध्ये त्यात विंडोजचा थेट सपोर्ट आला, त्याआधीचे जुगाड सांगणारे लेख वाचूच नका. डीबगरची अपेक्षा कमी ठेवा, ओकॅमलडीबग आहे आणि तो चक्क मागे पण चालतो, पण फक्त बाइटकोडवर, बहुतेक लोक यूटॉपमध्ये (ओळ लिहिली की लगेच उत्तर देणाऱ्या खिडकीत) फंक्शन चालवून बघतात नाहीतर प्रिंट करतात.

आता आधीच कसं ओळखायचं. हॅलो वर्ल्ड लिहून काही कळत नाही, ते सगळीकडे चालतं. त्या भाषेतला कोणाचा तरी खरा, मध्यम आकाराचा प्रोजेक्ट उतरवा, ज्याला चार बाहेरच्या लायब्रऱ्या लागतात असा. आधी एडिटर न उघडता टर्मिनलमध्ये एका कमांडने बिल्ड होतो का बघा. तो झाला नाही तर एडिटरचा विचार करायची वेळच आलेली नाही. झाला, तर मग एडिटरमध्ये उघडा, स्टँडर्ड लायब्ररीतल्या एखाद्या फंक्शनवर उडी मारा, बाहेरच्या लायब्ररीतल्या फंक्शनवर मारा, एक नाव बदला आणि बघा सगळीकडे बदललं का, मुद्दाम टाइपची चूक करा आणि रेघ यायला किती वेळ लागतो ते बघा. एका संध्याकाळचं काम आहे. मग त्या एक्स्टेंशनच्या पानावर जाऊन शेवटचा बदल कधीचा आहे, आणि लोकांच्या तक्रारींना कोणी उत्तर देतं का. तारे किती मिळालेत त्याकडे बघू नका, मेलेल्या प्रोजेक्टलाही हजारो तारे असतात. गिटहबने स्वतःचा ॲटम एडिटर 15 डिसेंबर 2022 ला बंद केला, मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ फॉर मॅक 31 ऑगस्ट 2024 ला. एवढ्या मोठ्या घरची साधनं जातात तर तुमच्या भाषेचं एकट्या माणसाने रात्री जागून राखलेलं एक्स्टेंशन किती दिवस टिकेल याची खात्री कोणी द्यायची? म्हणून माझा हट्ट एकच असतो, बिल्ड, टेस्ट आणि फॉरमॅटर हे तिन्ही एडिटरच्या बाहेर चालले पाहिजेत, मग एडिटर गेला तरी सोमवारी सकाळी दुसऱ्यात काम सुरू होतं.

प्रश्न: आता एआयच कोड लिहितो, मग एवढा एडिटरचा खटाटोप कशाला? (पत्रावर गावाचं नाव नाही.)

पायथनसाठी विचारलं असतंत तर थोडं ऐकून घेतलं असतं. ज्या भाषेचा कोड जगात मुळात कमी उपलब्ध आहे तिथे एआय आत्मविश्वासाने नसलेलं फंक्शन सांगतो. कॉमन लिस्पच्या प्रश्नाला स्कीम नाहीतर क्लोजरचं उत्तर देतो, फोर्ट्रानमध्ये 77 आणि 90 ची भेळ करतो, कोबॉलमध्ये कॉलम सरकवून ठेवतो. वापरू नका असं म्हणत नाही, जुनी सबरूटीन काय करतेय हे समजावून घ्यायला मी पण वापरतो. पण त्याने दिलेलं खरं का खोटं हे लगेच सांगणारं काहीतरी शेजारी पाहिजे, आणि ते म्हणजे कंपायलर आणि लँग्वेज सर्व्हर, म्हणजे परत तोच खटाटोप. उलट या भाषांमध्ये तो जास्तच लागतो आता.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, सांगलीजवळच्या गावात मुलांना उन्हाळ्यात प्रोग्रॅमिंग शिकवतो. दान म्हणून मिळालेले जुने कॉम्प्युटर आहेत, चार जीबी रॅम. पूर्वी टर्बो पास्कल शिकवायचो. व्हीएस कोड उघडला की मशीन बसतं. काय करावं?

नमस्कार गुरुजी. पास्कलच शिकवा, काही बिघडत नाही. फ्री पास्कल उतरवून घ्या, त्याच्याबरोबर टर्मिनलमध्ये चालणारा आयडीई येतो, तो उघडलात की तीच निळी स्क्रीन, तेच मेनू, तुम्हाला परत काही शिकावं लागणार नाही आणि जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं डॉसबॉक्सही लागणार नाही. चार जीबीत तो चालतोच, त्याहून कितीतरी कमीतही चालेल. मुलांना बटणं, खिडक्या बनवायच्या असतील तर लाझारस घ्या, तोही फुकट, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतो, आणि पास्कलपुरता बोलायचं तर डीबगरपासून फॉर्म डिझायनरपर्यंत सगळं एका जागी. या सगळ्या पत्रांमध्ये तयार आयडीई घ्या असं मी बिनधास्त फक्त तुम्हालाच सांगतोय. पुढे कोणाला सी किंवा पायथनकडे जायचं असेल तर त्याच मशीनवर जीनी नावाचा हलका एडिटर टाका, कंपाइल आणि रनची बटणं असतात, मुलांना तेवढं पुरतं. इंटरनेट नसेल तर इन्स्टॉलर शहरातून पेनड्राइव्हवर आणता येतात, चालवायला नेट लागत नाही.

थोडक्यात उत्तरं

अॅडा शिकणारे नागपूरचे वाचक: ग्नॅट कम्युनिटी या फुकट कंपायलरची 2021 ही शेवटची आवृत्ती होती, ती शोधत बसू नका. अलायर इन्स्टॉल करा, कंपायलर तोच आणून देतो. एडिटर हवा तर ग्नॅट स्टुडिओ (जुन्या पुस्तकांत त्याचं नाव जीपीएस आहे), नाहीतर व्हीएस कोडचं अॅडाचं एक्स्टेंशन.

व्हीएसकोडियम (व्हीएस कोडच्याच खुल्या कोडपासून बनवलेला एडिटर) वापरणारे पणजीचे वाचक: काही एक्स्टेंशन त्यात दिसत नाहीत कारण मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस त्यांच्याच प्रॉडक्टपुरतं आहे, व्हीएसकोडियम ओपन व्हीएसएक्स नावाच्या वेगळ्या ठिकाणाहून घेतो. तिथे नसेल तर एक्स्टेंशन बनवणाऱ्याच्या गिटहबवर व्हीएसआयएक्स फाइल आहे का बघा, ती हाताने टाकता येते. मायक्रोसॉफ्टचा सी-सी प्लस प्लसचा डीबगर मात्र लायसन्समुळे तिथे वापरता येत नाही, जीडीबी हा दुसरा डीबगर थेट जोडणारं एक्स्टेंशन घ्या.